खरखरीतल्या सरयूबेन

भावनगर
५ ऑगस्ट, सोमवार

कंदर्प,

वर 'प्रिय' घातलेलं नाही. ते राहून गेलेलं नाही. दोनदा तपासलं आहे.

आज सकाळी आपल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात दक्षा आली होती. बोटादची, फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, जिची काठी दरवेळी आपल्या उंबऱ्याला आपटते. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "वशरामभाई, सरयूबेन कवळी काढून ठेवून वाचायला बसल्या होत्या का हो?" सगळे हसले. मीही हसलो. मग तिनं आपले हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाली, "आता हसा."

ऐकलं. सरयूबेनांनी कॅसेटींवर वाचून ठेवलेलं शरीररचनेचं पुस्तक, खांद्याचं प्रकरण. वाक्य ठणठणीत सुरू होतं आणि शेवटाकडे जाता जाता विहिरीत पडतं. त्यांची सवय तुला माहीत आहे. वाक्य संपत आलं की दमून खाटेवर टेकावं तसा त्यांचा आवाज खाली बसतो. कोणता स्नायू कोणत्या हाडाला जाऊन लागतो हे नेमकं त्या शेवटच्या तीन-चार शब्दांत असतं. ते शब्द नाहीत. त्यांच्या जागी काहीच नाही, पंख्याची घरघरसुद्धा नाही. जे शब्द उरलेत त्यांना बुडबुडे आलेत. दक्षाची परीक्षा ऑक्टोबरात आहे. तिच्या वर्गात आणखी नऊ जण आहेत आणि गुजरातीत ऐकायला हे एकच पुस्तक आहे.

आणखी एक. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी सरयूबेन टेपरेकॉर्डरचं बटण दाबून एक जाड, खालची गुणगुण भरत असत. कॅसेट पुढे पळवली की तीच 'टुक' अशी वाजायची आणि आम्ही आंधळे बोट उचलायचो. प्रकरण आलं. आमचं पान उलटणं ते एवढंच होतं. तुला ती विजेची घरघर वाटली. तीही काढलीस.

तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण तू विसरल्याचं दाखवशील. खरखर काढायची तर सॉफ्टवेअरला आधी खरखरीचा नमुना द्यावा लागतो, कुणी बोलत नसेल अशा दोन सेकंदांचा. मग ते तेवढं सगळीकडून वजा करतं. म्हणून प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूचा नमुना वेगळा घ्यायचा आणि वजाबाकी बेतानं करायची. हे तुला मी शिकवलं. तू माउस धरून बसायचास, मी शेजारी की-बोर्ड घेऊन. आणि तू काय केलंस? एक नमुना घेतलास आणि तोच चारशे बारा कॅसेटींवर फिरवलास, पट्टी शेवटपर्यंत ओढून. वर डिस्क भरली म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्यास. पडद्यावर शब्दांच्या मधली रेघ सपाट झाली आणि तुझं समाधान झालं. तू ऐकलंच नाहीस. तू नुसतं बघितलंस.

मला याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

उत्तर पाठव.

वशराम


१२ ऑगस्ट, सोमवार

कंदर्प,

सात दिवस झाले. मेल तुला पोचली आणि तू ती उघडलीस, हे माझ्या संगणकानं मला दोनदा वाचून दाखवलं आहे. तेव्हा अहमदाबादला गेल्यावर वेळ मिळत नाही वगैरे लिहू नको.

आज नोटीस लागली. मंछाबेन स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि त्यांनी ती अडखळत वाचली. सातम-आठमची, जन्माष्टमीची सुट्टी झाली की बुधवारी, २८ तारखेला, कॅसेटी भंगारवाल्याला द्यायच्या. खोली रिकामी करून तिथे संगणकाचा वर्ग बसवायचा. सगळं फाइलींत उतरलं आहे, आता हा कचरा कशाला, असं ठरलं.

मी तसाच ट्रस्टी जशवंतकाकांच्या केबिनीत गेलो. म्हटलं, "काका, कॅसेटी राहू द्या. फाइली बिघडल्यात."

"कुणी सांगितलं?"

"मी ऐकलं."

"दीकरा, कंदर्पनं जाताना अहवाल दिलाय. चारशे बारापैकी चारशे बारा पास." मग खुर्ची करकरली, म्हणजे ते मागे रेलले. "हे बघ, मी अलंगला चाळीस वर्षं जहाजं तोडतोय. दर जहाजाचा कप्तान डोळे पुसत सांगतो, हिला अजून दोन वर्षं चालवा. सगळ्यांचं ऐकलं असतं तर समुद्रात पाणी राहिलं नसतं, नुसती जहाजं."

"काका, हे लोखंड नाही."

"तेच म्हणतोय. लोखंड असतं तर भाव तरी आला असता. आणि आता तर फोन कुठलंही पुस्तक घडाघडा वाचतो म्हणतात."

"छापलेलं वाचतो. सरयूबेनांनी स्वतःच्या वहीतून वाचलंय. वही त्यांच्या हातची आहे, डॉक्टरी अक्षरातली. ते फोनला लागत नाही."

"त्यांच्या नवऱ्यालाही लागत नव्हतं," मंछाबेन दारातून म्हणाल्या. "किराणा मागवला तर औषधं यायची."

काका हसले आणि विषय संपला. आपल्याकडे कुणी हसलं की विषय संपतो.

काकांचा तुझ्या कागदावर विश्वास आहे, माझ्या कानांवर नाही. ठीक आहे. तर मग कागद पाठव. एक ओळ पुरे: माझ्या हातून फाइली खराब झाल्या आहेत, कॅसेटी टाकू नयेत. वाक्य मी जुळवून दिलं आहे, शुद्धलेखन तपासलेलं आहे. तुला फक्त नाव घालायचं आहे.

सोळा दिवस आहेत.

वशराम


१७ ऑगस्ट, शनिवार

कंदर्प,

तुझा बोललेला निरोप मिळाला. एक मिनिट अकरा सेकंद. तू जिन्यात उभा राहून बोललास, वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं तेव्हा आवाज खाली नेलास. नव्या स्टुडिओतल्या लोकांना कळू नये म्हणून असेल.

तू जे बोललास ते शब्दाला शब्द इथे उतरवतो, म्हणजे पुढे मी असं म्हणालोच नव्हतो, असं होणार नाही:

"वशा, आधी शांत हो. लिहून द्यायला मला काय रे, देतो की. पण कागद नीट आठव. माझ्या अहवालाला तुझा तपासणीचा तक्ता जोडलाय. दर कॅसेटपुढे 'ऐकली, ठीक' आणि खाली तुझं नाव. मी चुकलो म्हटलं की काका पहिला प्रश्न विचारतील, मग तपासणारा काय करत होता? मी तिथून सुटलो. तुझी कायम होण्याची ऑर्डर यायचीय. अरे वेड्या, तुझ्यासाठी गप्प बसलोय मी."

माझ्यासाठी!

हे तीनदा ऐकलं. दरवेळी 'वेड्या'पाशी माझ्या जबड्यात कळ आली. कुणाला विचारून माझ्यावर हे उपकार करतोस? मी मागितले होते? लहानपणापासून माझ्यावर उपकार करणाऱ्यांची रांग लागलेली आहे. माझा हात धरून, न विचारता, मला नको असलेला रस्ता ओलांडून देणारे. तू त्यांच्यातला नव्हतास. म्हणून तर मी तुझ्याशेजारी खुर्ची ओढून बसलो होतो.

आता माझं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्या वाक्याचं शुद्धलेखन बरोबर होतं. वाक्य खोटं होतं.

मला विचारलं होतं. तपासणीचं काम माझंच होतं. अनुदानाची मुदत एकतीस मार्चला संपत होती आणि चारशे बारा कॅसेटी नव्वद नव्वद मिनिटांच्या. तेव्हा मी दर फाइलीची सुरुवातीची पाच मिनिटं ऐकली, तीनपट वेगानं. आम्ही सगळेच असं ऐकतो. माझ्या संगणकातला बोलका आवाज तुला दाणे भाजल्यासारखा वाटायचा, तूच म्हणायचास. त्या वेगात शब्दांची शेपटं तुटलेलीच असतात, बाकीचं डोकं आपसूक भरून काढतं. तुझ्या फाइलींना शेपटं नव्हतीच. माझ्या डोक्यानं ती घरची घातली आणि मी पुढे गेलो. आणि प्रकरणाची गुणगुण? वेग वाढवला तरी आवाजाची पट्टी न बदलणारी सोय आता आहे, तेव्हा टुक वाजणार नाही हे मी गृहीत धरलं आणि ती आहे का नाही हे बघितलंच नाही. चारशे बारा वेळा 'ऐकली, ठीक'. एकाही दिवसाचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता, कंदर्प. गावी आईला फोन करून सांगितलं होतं.

दहावी नापास आंधळ्याला कायमची ऑर्डर म्हणजे काय, हे तुला समजावणार नाही. तुला समजतं, म्हणूनच तू ते माझ्यासमोर धरलंस.

पण माझी चूक निघाली म्हणून तुझी कमी होत नाही. दोन माणसांनी मिळून भिंत पाडली तर दोघांनी अर्धी अर्धी पाडली असं होत नाही. भिंत पूर्ण पडते.

ओळ पाठव. माझं नाव वर आलं तरी चालेल.

वशराम


२३ ऑगस्ट, शुक्रवार

कंदर्प,

ओळ आली नाही. तुझी वाट बघणं मी बंद केलं आहे. हे पत्र मागण्यासाठी नाही, कळवण्यासाठी आहे.

मंछाबेनांकडून किल्ली घेऊन कॅसेटींच्या खोलीत गेलो. कपाटातल्या कॅसेटींच्या पाठी चाचपत गेलो, तू चिकटवलेल्या पट्ट्यांखाली मी टोचलेलं ब्रेल अजून आहे. सरयूबेनांच्या सव्वीस कॅसेटींपैकी एकोणिसावी उचलली. गोदामातल्या एका टेपरेकॉर्डरचा पट्टा अजून शाबूत होता. त्यातून ती संगणकात भरून घेतली. पंखा, वहीचं पान, बाहेर कुणीतरी भांडी घासतंय, आणि सरयूबेन, शेवटच्या शब्दापर्यंत. दक्षा शेजारी बसली होती. म्हणाली, "या तर वेगळ्याच बाई आहेत."

मग मी तू केलंस तेच केलं. तुझा नमुना आणि तुझे आकडे सॉफ्टवेअरनं जपून ठेवले होते. फक्त शेवटी 'साफ कर' दाबलं नाही. त्याच्याखाली एक पर्याय असतो: जे काढायचं तेवढंच ठेव, बाकीचं टाक. तो कुणी दाबत नाही. झाडून काढलेला केर कोण ऐकत बसतं? मी तो दाबला.

काम बरोबर झालं असेल तर त्यात नुसती खरखर निघायला हवी, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.

आधी ती जाड गुणगुण आली. मग खरखर. आणि खरखरीच्या आत सरयूबेन बोलत होत्या. शेजारच्या खोलीतून येतो तसा बारीक आवाज, पण स्पष्ट. "...बाहेरच्या कडेला." थोडी खरखर. "...पाठीच्या बाजूनं, फासळ्यांवरून." पुन्हा खरखर. "...इथे बोट ठेवून बघा." संपूर्ण पुस्तकातली तेवढीच वाक्यं, जी शिकणाऱ्याला हवीत. दक्षानं आपल्याच खांद्यावर बोट ठेवून बघितलं. "हे मी दोन महिने शोधतेय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला तिला गप्प करता आलं नाही. मला इतका राग आला होता की मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो होतो.

तुला सांगून ठेवतो: मी एकदा असाही विचार केला की काकांना हे ऐकवावं आणि तक्त्याबद्दल तोंड उघडू नये. त्यांनी तक्ता काढला नाही तर नाही. हा विचार मी रांधण छठच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज, मंछाबेन सातमच्या शिळ्या जेवणाचे थेपले लाटत असताना केला. दिवसभर तो माझ्यापाशी आहे.

काका सहकुटुंब नाथद्वाऱ्याला गेलेत. बुधवारी सकाळी येणार. भंगारवालाही बुधवारीच.

वशराम


२८ ऑगस्ट, बुधवार

कंदर्प,

भंगारवाला नवाला आला. काका अकराला. मधल्या दोन तासांत मी दारात आडवा उभा राहिलो, तर भंगारवाला म्हणाला, "बापू, बाजूला व्हा, लागेल तुम्हाला." माझा हात धरून मला बाजूला केलं. तोही उपकारच. तीन पोती गाडीत गेली आणि गाडी निघून गेली. तो उरलेलं भरत बसला.

काका आले. मी त्यांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

"हे काय आहे?"

"ऐका."

"खरखर आहे." मग थांबले. "कोण बोलतंय हे?"

"सरयूबेन."

"कुठून बोलतायत?"

"काका, हे कंदर्पनं कचरा म्हणून काढून टाकलेलं आहे. यात बाई असायला नको होत्या."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी सबंध सात मिनिटं ऐकलं. केबिनीत फक्त त्यांच्या अंगठीचा काचेवर टकटक आवाज येत होता, मग तोही बंद झाला. एकदम उठून ते खिडकीशी गेले आणि ओरडले, "ए भाई! पोती खाली उतरव! सगळी! हात लावू नको म्हणतो ना!"

मग परत आले. कपाट उघडलं, कागद चाळले. मला कळलं.

"आणि हे 'ऐकली, ठीक' कुणी लिहिलंय?"

दारात मंछाबेन उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. त्यांनाही कळलं.

"मी," म्हणालो.

"ऐकली होतीस?"

"दर फाइलीची पाच मिनिटं. तीनपट वेगानं."

"म्हणजे नव्हती ऐकलीस."

"नव्हती."

"मग आज तुझ्या कानावर मी का विश्वास ठेवू?"

"ठेवू नका, काका. म्हणून तर तुमच्या कानाला लावलं."

त्यांनी तक्ता मिटला. मग जहाज तोडणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "कायमची ऑर्डर टेबलावर होती. ती आता नाही. कॅसेटी राहतील. एकेक बाजू तू पुन्हा उतरवायचीस, बसून, पूर्ण ऐकून. झालं की बघू तुझं काय करायचं ते."

"आणि कंदर्पचं?"

"तो माझ्याकडे नाही. तू आहेस."

हे वाक्य तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं आहे. पुन्हा वाच.

दुपारी मंछाबेन आणि मी रिक्षा करून भंगारवाल्याच्या वखारीत गेलो. तीन पोती तोवर फोडून, फिती वेगळ्या आणि प्लास्टिक वेगळं झालं होतं. मी त्या फितींच्या ढिगात हात घातला. कोपरापर्यंत गेला. कुठली कुणाची, काहीच सांगता येत नाही. मंछाबेन म्हणाल्या, "चल दीकरा, यात बोटं कापतील."

अठ्ठ्याऐंशी गेल्या. तीनशे चोवीस राहिल्या. सरयूबेनांच्या सव्वीसपैकी सात गेल्या. एक ओळ हवी होती, कंदर्प. बारा तारखेला मागितली होती.

वशराम


२ सप्टेंबर, सोमवार

कंदर्प,

काल रविवारी सरयूबेनांकडे वाघावाडी रोडला गेलो होतो. सगळं सांगितलं, तुझं आणि माझं, काही न गाळता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग विचारलं, "गेली कुठली?"

"चौदा ते अठरा, वीस आणि एकवीस. मान आणि खांदा."

"वा. चोरानं पारखून नेलं. पोटाचं प्रकरण मी फार कंटाळवाणं केलंय, ते कुणी नेणार नाही." मग म्हणाल्या, "गाढवं आहात दोघं. एकाला डोळे आहेत म्हणून कान नाहीत आणि दुसऱ्याला कान आहेत म्हणून माज."

मी म्हटलं, "बेन, तुम्ही पुन्हा वाचाल का? सातच कॅसेटी."

त्या उठल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग वहीचा, जाड पुठ्ठा टेबलावर ठेवल्याचा. पानं उलटली.  मी टेपरेकॉर्डर लावून बोट बटणावर ठेवून बसलो होतो.

"बंद कर ते," म्हणाल्या. "कडेकडेचं दिसतं रे. मधोमध डाग आहे. दिवाळीपासून. तुमच्यात यायला निघालेय, पण इतक्या उशिरा मला ब्रेल कोण शिकवणार?"

मी बटणावरचं बोट काढलं. त्यांनीच विषय बदलला. सून त्यांची वही वाचायला बसली होती, अर्ध्या पानात उठली. नातवानं फोन धरून बघितला, फोननं दिलं ते सगळं वेडंवाकडं. दवाखान्यातल्या त्यांच्या जुन्या कंपाउंडरला अक्षर लागायचं, तो चार वर्षांपूर्वी वारला.

मग म्हणाल्या, "त्या दुसऱ्या गाढवाला लागतं."

लागतं. तू दोन उन्हाळे ही वही मांडीवर घेऊन कॅसेटींच्या पट्ट्या लिहिल्यास. सरयूबेन स्वतः अडल्या तर तू त्यांना सांगायचास इथे काय लिहिलंय. जगात हे अक्षर वाचणारा डोळस माणूस आता एकच आहे आणि तो तू आहेस. हे लिहिताना मला किती संताप येतोय याची तुला कल्पना नाही. दुसरा कुणीही असता तर मी त्याचे पाय धरले असते. तुझे धरणार नाही.

शनिवारी, सात तारखेला, सकाळी नऊ वाजता सरयूबेनांच्या घरी ये. वहीची पानं १४३ ते २०९. तुला दोन दिवस लागतील, कदाचित तीन. रजा घे. काय सांगून घ्यायची ते तुझं तू बघ. मिठाई आणू नको. माफीबिफीही आणू नको, तिला माझ्याकडे वेळ नाही, दक्षाच्या परीक्षेला सहा आठवडे राहिलेत.

आलास तर मी मशीन चालवेन. सरयूबेन तुझ्याशेजारी बसणार आहेत. चुकलास तर त्या बोलतील. मी बोलणार नाही.

वशराम